किनाऱ्यावर रोवलेली काठी

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच, तेही सैन्यातून सुटून आल्यावर. म्हणून घडलं तेवढंच सांगतो.

स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली होती. पूर्व किनाऱ्यावर वादळ झालं आणि आमची कंपनी मदतीला गेली. मी लान्स नायक, हाताखाली आठ जवान. त्यातला सिपाही नारायण धनजचा, मी अनसिंगचा. समुद्र आम्ही दोघांनीही तेव्हाच प्रथम पाहिला.

मदतीच्या होड्या लागाव्यात म्हणून किनारा मोकळा करायचा होता. फुटक्या फळ्या, जाळी, मेलेली गुरं. एक मालाची बोट फुटून तिच्यातले प्लॅस्टिकचे लाल-हिरवे कंगवे वाळूभर पसरले होते. जाळले तर धुराने डोळे झोंबत. पुरले तर लाटा पुन्हा वर काढत. पाच दिवस आम्ही प्रेतं आणि कंगवे एकाच वाळूतून वेचले. एकही वस्तू जवळ ठेवायची नाही, असा हवालदारांचा हुकूम होता. त्यांना टक्कल होतं. नारायण म्हणाला, "त्यायले काय, सोपं हाय."

सहाव्या दिवशी साडेदहाला आम्ही खाडी ओलांडून वाळूच्या दांड्यावर, म्हणजे लांबट उंचवट्यावर, पोचलो. पुढे समुद्र, मागे कोरडी खाडी. आमच्याकडे नाल्याला पूर आला की काठावर काठी रोवतात. पाणी काठीखाली गेलं की पूर सरला, मग तो परतत नाही. मी तशीच काठी रोवली. अकराला पाणी तिच्यापासून वीस पावलं मागे होतं. वायरलेसवर कळवलं, "पाणी उतरलं. काम चालू."

लांबून एक म्हातारा कोळी हात हलवत ओरडत होता. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती.

"बुढा आपलं जाळं मांगून राह्यला," नारायण म्हणाला. "कंगव्यायनं गुतलं हाय. सोडवून देतो."

मी हो म्हणालो.

एक वाजता कुणीतरी मागे पाहिलं. दांड्याला वळसा घालून आलेल्या पाण्याने खाडी भरली होती. माझी काठी अजून कोरडी होती.

"सगळे मागे. दोर धरा."

फळ्या ओढायचा दोर धरून आम्ही खाडीत उतरलो. पाणी छातीला लागलं. नारायण जाळं ओढत शेवटी होता.

"जाळं टाक."

"आलोच."

बाकी सगळे काठाला लागलो. तो दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला. जाळं पायांभोवती होतं. शर्टाच्या खिशात एक लाल कंगवा होता. तो मी रिपोर्टमध्ये लिहिला नाही.

रजेवर धनजला गेलो. त्याच्या बायकोने विचारलं, "भाऊ, तुमी काहून नाई आवाज देल्ला त्यायले?"

"देल्ला, वहिनी. उशिरा देल्ला. काठी म्याच रोवली होती."

मी कंगवा पुढे केला.

"मले आता काय करायचा? तुमच्यापाशीच ठेवा."

मागच्या आठवड्यात कॉलेजात सरांनी भूगोलाच्या तासाला फळ्यावर चंद्र काढला. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणाले. वर्गातल्या मुलांनी ते एका ओळीत उतरवून घेतलं. मीही घेतलं. त्याखाली लिहिलं, सिपाही नारायण, धनज.