चादरीचा काठ आणि माझा निकाल

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'सर' म्हटलं ते एका मोबाइल गेममध्ये. तेव्हा मी सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडे. घरी मेंढरं आणि थोडी ज्वारी. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गावात मला 'धाकटं पोरगं' म्हणायचे, कॉलेजात कोणी काहीच म्हणायचं नाही. त्यामुळे त्या एका शब्दाने मला काय झालं ते मी लपवणार नाही. पुढे जे घडलं त्याची सुरुवात तिथूनच झाली असं मला वाटतं.

गेम साधा होता. आपलं एक गाव वसवायचं, विहीर खणायची, पिकं घ्यायची, शेजारच्या गावांना मदत पाठवायची. खेळणाऱ्यांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप होता आणि त्यात मराठी लोकांसाठी वेगळा विभाग. मी तिथे रोज लोकांच्या अडचणींना उत्तरं द्यायचो, म्हणून गेम बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीने मला मॉडरेटर केलं. माझ्या नावापुढे हिरवा ठिपका आला आणि लोक मला 'सर' म्हणायला लागले.

दर सणाला गेम उघडताना जे चित्र दिसायचं ते खेळणाऱ्यांनीच पाठवलेल्या चित्रांतून निवडलं जायचं, आणि खाली काढणाऱ्याचं नाव यायचं. मराठी विभागातली चित्रं आधी माझ्याकडे येत. ज्याने पाठवलं त्यानेच ते काढलंय का हे पाहायचं, शंका आली तर खाजगीत विचारायचं, आणि मग पुढे पाठवायचं, एवढंच माझं काम. खाजगीत विचारायचं, हे नियमांत लिहिलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं.

संक्रांतीच्या आधी एक चित्र आलं. पाठवणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं आणि फोटोच्या जागी पोपट लावला होता. मी समजलो, कोणीतरी शाळकरी असणार. चित्र कागदावर काढून मोबाइलने फोटो घेतलेला. गेममधल्या गावात सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरलीय, आकाशपाळणा आहे, शेंगा विकणारी बाई आहे, दावणीला शेळ्या आहेत, आणि हे सगळं बारीक बारीक चौकोन भरून केलेलं. चारही बाजूंनी लाल-काळा काठ: एक मोर, मग पायऱ्या, मग परत मोर. चित्र चांगलं होतं. तेव्हाच मनात आलं होतं की हे चांगलं आहे. पुढे मी तसं वागलो नाही, म्हणून आता हे सांगून ठेवतो.

काठ पाहिला आणि मला हसू आलं. तोच काठ माझ्या कॉटवर होता. कॉलेजला येताना मामाने घेऊन दिलेली चादर. मी उठून शेजारी मोबाइल धरून बघितलं. मोराच्या शेपटीच्या पायऱ्या मोजल्या. तेवढ्याच भरल्या.

मी लिहिलं, 'हा काठ चादरीवरचा आहे. मूळ फाइल पाठवा, लेयरसकट.' कॉम्प्युटरवर चित्र काढताना एकावर एक थर ठेवत जातात, त्यांना लेयर म्हणतात. ते पाहिले की चित्र टप्प्याटप्प्याने कसं झालं ते कळतं. कागदावरच्या चित्राला लेयर कुठून असणार, हे मला समजत नव्हतं असं नाही. पण तो शब्द मी नुकताच शिकलो होतो.

उत्तर म्हणून व्हॉइस मेसेज आला. थोड्या वेळाने दुसरा. आमच्या विभागात एक नियम होता की व्हॉइस मेसेज धरले जाणार नाहीत, लिहूनच पाठवायचं. तो नियम मीच केला होता, ऐकत बसायला वेळ जातो म्हणून. माझी आई मला फक्त व्हॉइस मेसेज पाठवते. तिला लिहिता येत नाही. नियम करताना मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मी लिहिलं, 'कृपया लिहून पाठवा.' बऱ्याच वेळाने एक ओळ आली. 'सर मि काडल हाय सर.'

त्याच दिवशी दुसरं एक चित्र आलं होतं. पतंग उडवणारी मुलगी, कॉम्प्युटरवर काढलेली, एकदम गुळगुळीत, सोबत इंग्रजीत मोठं टिपण. त्यातले दोन शब्द मला शोधून बघावे लागले. त्या चित्राचे लेयर मी मागितले नाहीत. ते लगेच पुढे पाठवलं.

आणि दुसऱ्या दिवशी मी माझ्या चादरीचा फोटो काढला, जत्रेच्या चित्राशेजारी लावला आणि सगळ्यांसमोर टाकला. खाली लिहिलं, 'चित्रं स्वतःची पाठवा. चादरीवरून उतरवलेली चालणार नाहीत. हे चित्र बाद.' टोपणनाव झाकायचंही मला सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. राहू दे म्हटलं.

तासाभरात लोक तुटून पडले.

'आता उशीचा अभ्रा पण येणार बघा.'

'अंथरूण पाहून चित्र काढावे.'

'चादरचोर.'

अंथरुणाच्या विनोदावर मी हसरा चेहरा टाकला.

दोन दिवसांनी ते टोपणनाव ग्रुपमधून निघून गेलं. मी खोलीतल्या मित्राला सगळा किस्सा सांगितला आणि म्हटलं, थांब, तुला त्याचा आवाज ऐकवतो. हसायला म्हणून मी तो मेसेज पहिल्यांदा लावला.

आवाज बाईचा होता. चाळिशीतली असावी. मागे यंत्रांचा खडखडाट.

'सर, नमस्कार. मला लिवायला येळ लागतो सर, माझी शाळा तेलुगूतली. काठ चादरीवर हाय म्हणालात ते बरोबर हाय. ती चादर पण मीच काढलेली हाय. आमच्या कारखान्यात ग्राफ मीच काढते.' दुसऱ्या मेसेजमध्ये कारखाना कुठे आहे त्याची खूण होती, आणि, 'बघायचं असलं तर या की सर. जेवणाच्या सुट्टीत गेम खेळतच बसलेली असते मी.'

मित्र हसला नाही. बाटली उचलून पाणी भरायला गेला.

म्हणजे मी तिला चोर ठरवलं तेव्हा तिचं उत्तर माझ्याच फोनमध्ये पडून होतं.

मी काय केलं, तर ती पोस्ट गुपचूप पुसली. तिला लिहिलं, 'गैरसमज झाला होता. पोस्ट काढली आहे.' कोणाचा गैरसमज, ते लिहिलं नाही. उत्तर आलं नाही. सगळ्या ग्रुपचा मुख्य मॉडरेटर एक नोकरी करणारा दादा होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, 'काढलीस ना? मग संपला विषय. परत उकरू नकोस, उगाच विभागाचं नाव जातं.' ते ऐकून मला हायसं वाटलं. पुढचे तीन-चार दिवस मी हायसं वाटून घेतच काढले.

मग मी तिच्या कारखान्यावर गेलो. का गेलो ते धड सांगता येत नाही. ती कंपनीकडे तक्रार करेल आणि माझा हिरवा ठिपका जाईल, ही भीती त्यात होती. ती किती आणि पश्चात्ताप किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

शहराच्या पूर्व भागातली एक पत्र्याची शेड. जेवणाची सुट्टी झाल्यामुळे माग थांबलेले होते. कडेच्या छोट्या खोलीत दोन बायका डबा उघडून बसल्या होत्या. एकीच्या मागे टेबलावर चटईएवढा मोठा ग्राफ कागद पसरलेला, त्यातले अर्धे चौकोन स्केचपेनने भरलेले. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि कुठला धागा वर उचलायचा ते मागाला त्या भोकांवरून कळतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला फक्त मोर दिसला.

'कोण पायजे?' तिने विचारलं. चष्म्याला दोरी होती.

'मी गेममधला. मॉडरेटर.'

तिने चष्मा सारखा केला. 'तू व्हय सर? एवढासा?'

मग तिने शेजारणीला तेलुगूत काहीतरी सांगितलं. शेजारीण माझ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

'मी तिला म्हटलं, मला चोर केला तो हाच. ती म्हणते, आधी जेवायला घाल त्याला, वाळलाय.'

'अक्का, माझं चुकलं,' मी म्हणालो. 'ती पोस्ट मी पुसून टाकली.'

'बघितलं की. पुसलास.' तिने डब्याच्या झाकणात भात काढला आणि माझ्याकडे सरकवला. 'म्हणजे आता मी चोर हाय असं कुटं लिवलेलं न्हाई. आन् मी चोर न्हाई असं पण कुटं लिवलेलं न्हाई. वाचायचं त्यांनी वाचून झालंय. माझी पुतणी हाय त्या ग्रुपात. तिनंच गेम शिकवला मला. आता ती म्हणते, काकू, खरं सांग, बघून काढलीस का.'

मी झाकण जवळ ओढलं.

'काठाची शंका घेतलास ते बरोबर हाय बघ,' ती म्हणाली. 'तो काठ मी कारखान्याला दिलेला. चित्रात घालायला नको होता, चुकलं माझं पण. इचारला असतास तर दुसरा काढून दिला असता. काठ काढणं काय, रोजचंच हाय मला. पण तू इचारलास कुटं? तू फाइल मागितलास.'

'हो.'

'हो काय. खा.'

मी खाल्लं. नको म्हणायची हिंमत नव्हती.

थोड्या वेळाने ती ग्राफकडे बघत म्हणाली, 'किती वर्षं झाली, चादरीवर नाव येत न्हाई माझं. त्याचं काय न्हाई, ते काम हाय. हितं नाव येतं म्हणून काढलं होतं.'

मी विचारलं, 'मग आता मी ग्रुपवर काय लिहू?'

'ते पण मीच सांगू व्हय?'

शेजारीण परत हसली. यावेळी अक्का हसली नाही.

खोलीवर येऊन मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात तीनदा 'गैरसमज' आला. दुसऱ्यात माझ्या अभ्यासाचा ताण आला. शेवटी जे झालं तेवढंच लिहिलं. काठ तिचाच आहे. मी तिला नीट विचारलं नाही. तिचे मेसेज आले होते ते ऐकले नाहीत. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या चित्राला एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं आणि लोक हसले त्यात मीही हसलो. दुसऱ्या दिवशी जाऊन हे तिला वाचून दाखवलं, तिने 'चालेल' म्हटलं, आणि जिथे पहिली पोस्ट होती तिथेच टाकलं. मुख्य मॉडरेटर दादा अर्धा दिवस माझ्याशी बोलला नाही.

शिव्या पडतील अशी माझी तयारी होती. पण पोस्टवर भराभर लाल बदाम यायला लागले. 'भावा, याला म्हणतात मोठं मन.' 'चूक कबूल करायला दम लागतो.' ज्याने चादरचोर लिहिलं होतं त्यानेही बदाम टाकला. तिने जत्रेचं चित्र ग्रुपवरही टाकलं होतं, त्यावर मोजून चार बदाम होते, ते मला आठवत होतं. माझं कौतुक करू नका असं लिहावंसं वाटलं, पण त्याचंही कौतुक झालं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या कमेंट मी दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून वाचल्या. तिच्याबद्दल त्यात दोनच होत्या. एकाने विचारलं होतं, चादर कुठे मिळेल.

चित्रं तपासायचं काम मी सोडलं. ते दुसऱ्या मॉडरेटरकडे गेलं. नियम बदलून घेतला, आता व्हॉइस मेसेजही धरतात. संक्रांतीला पतंगवाली मुलगी लागली. चित्र छान होतं, काढणारीचं स्वतःचंच असेल. मला माहीत नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

पाडव्याच्या आधी नवीन मॉडरेटरने मला एक फॉर्म पाठवला. 'हे बघ, पुरावा केवढा जोडलाय.' अक्का परत आली होती. गुढ्या उभारलेलं गाव, तेच बारीक चौकोन. यावेळी काठात मोर नव्हता, कैऱ्या होत्या. तिने माझ्याकडे पाठवलं नव्हतं, सगळे भरतात तोच फॉर्म भरला होता, नावाच्या जागी टोपणनाव न लिहिता पूर्ण नाव लिहून.

ते चित्र निवडलं गेलं. महिनाभर गेम उघडला की तिचं नाव दिसायचं, तिने लिहिलं होतं तसंच. पुतणीने ते बघितलं असणार. मी रोज बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, पण पूर्ण बरं कधी वाटलं नाही, त्या फॉर्ममुळे.

चित्र काढतानाचा एक फोटो द्या, एवढंच आमचा नवा नियम मागतो. तिने एकामागे एक किती तरी लावले होते. काठ पूर्ण झालेला. काठ अर्धा. तिचा हात आणि स्केचपेन. पहिली कैरी. पेन्सिलीच्या नुसत्या खुणा. मी मागे मागे सरकवत गेलो. सगळ्यात पहिला फोटो कोऱ्या ग्राफ कागदाचा होता. एकही चौकोन भरायच्या आधी तिने तो काढून ठेवला होता.