पंचाण्णवच्या खाली

जीन्सवर इस्त्री फिरताना वास येतो आणि कॅम्प तीन या आमच्या जुन्या वस्तीतली ती दुपार आठवते. तान्ह्या मुलीला ताप होता म्हणून मी सकाळपासून ओल्या पट्ट्या ठेवत होते. काखेत थर्मामीटर लावला, तर पारा पंचाण्णवच्याही खाली. "उतरला एकदाचा," मी सासूबाईंना म्हटलं. मुलगी रडतही नव्हती. खाली जीन्सचा कारखाना चालवणारी सिंधी शेजारीण वर आली, तिने मुलीचे तळपाय धरले. "अरे, ताप कसला उतरला, बच्ची ठंडी पडलीय!" तिने ओली कापडं काढली, मुलीला पदराआड माझ्या अंगाशी लावलं, वरून कारखान्यातून मागवलेली इस्त्रीची कोमट जीन्स गुंडाळली. तशीच रिक्षाने दवाखाना गाठला. तिथे मुलीने भोकाड पसरलं, तेव्हा सासूबाई हसल्या. आता तीच मुलगी आपल्या बाळाचा ताप मशीनवर बघते. आकडा कमी आला, की "बरं झालं" म्हणण्याआधी माझा हात बाळाच्या तळपायांवर जातो.