कशासाठी ते न सांगता घेतलेलं मशीन

ठाण्यातल्या त्या दुकानात विक्रेत्याने मला अगदी साधा प्रश्न विचारला होता. "काका, तुम्हाला बनवायचं काय आहे?" थिकनेस प्लेनर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच विचारायला हवं. खडबडीत फळी एका बाजूने आत सरकवायची, आतली पाती तिला वरून तासतात आणि दुसऱ्या बाजूने ती सगळीकडे एकाच जाडीची होऊन बाहेर पडते, एवढंच या मशीनचं काम. पण फळी किती रुंद, किती लांब, लाकूड कठीण की मऊ, हे कळल्याशिवाय तो बिचारा दाखवणार तरी काय? मी म्हटलं, "फळ्या." तो म्हणाला, "हो, पण कसल्या?" मी म्हटलं, "सपाट." त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

मला पाळणा बनवायचा होता. तो शब्द मला तोंडातून काढायचा नव्हता.

माझी मुलगी तिसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यात गेलं, दुसऱ्या वेळी सातव्यात. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काहीही आणत नाहीत. टोपरं नाही, दुपटं नाही, खुळखुळा नाही. पाळणा तर नाहीच. तो आजोळहून यायचा, आणि तोही बारशाला, म्हणजे बाराव्या दिवशी. मी सगळा जन्म कारखान्यात मेंटेनन्सला काढलेला माणूस, असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं सगळ्यांना ऐकवत आलेलो. पण दुसऱ्या वेळी आम्ही घरात एक मोजासुद्धा आणला नव्हता, आणि तरी जे व्हायचं ते झालंच. नियम पाळून काही उपयोग होत नाही, तर सोडून द्या तो नियम, असं कोणीही शहाणा माणूस म्हणेल. आमचं उलट झालं. आम्ही तो आणखी घट्ट धरला. धरायला दुसरं काही नव्हतं.

डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं तळमजल्यावरचं घर आहे आणि मागे पत्र्याची शेड. निवृत्त झाल्यापासून तिथे मी पाट, स्टुलं, शेजाऱ्यांच्या कपाटांची दारं असलं काहीबाही करत बसतो. हातरंध्यावर माझं भागत होतं. पण उजवा खांदा धरलाय, आणि जुनं सागवान हातरंध्याला दाद देत नाही. सागवान शेडमध्ये होतं. वर्तकनगरला मुलीच्या सासरची जुनी इमारत पाडली तेव्हा तिथली दारं आणि चौकटी मी टेम्पोत घालून आणल्या होत्या, खिळे उपटून एका चादरीखाली रचून ठेवल्या होत्या. कशासाठी आणल्या ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आता जन्म आणि बारसं यांच्या मध्ये जेवढे दिवस, तेवढ्यात पाळणा उभा करायचा, तर हाताने ते होणं शक्य नव्हतं. बायकोला हे सांगायला गेलो तेव्हा ती देवासमोर वाती वळत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि न्यायाधीशासारखा निकाल दिला. "मशीन म्हणजे काही बाळाची वस्तू नव्हे. मशीन आणा तुम्ही. लाकडाला मात्र हात लावायचा नाही. पेन्सिलची रेघसुद्धा मारायची नाही."

झालं. मशीन निवडणं हा माझा दिवसभराचा धंदा झाला. बाकीचे सगळे नुसती वाट बघत होते. मी एकटा काहीतरी करत होतो, निदान तसं स्वतःला दाखवत होतो.

आता या विषयात मी कोणालाही तासभर पिडू शकतो. हा 'पोर्टेबल' शब्द म्हणजे शुद्ध थाप आहे. पोर्टेबल म्हणजे दोन माणसांनी कण्हत उचलायचं आणि एकाने नंतर कंबरेला पट्टा बांधायचा. सगळ्या मशीनना एकच रोग असतो: फळी बाहेर पडता पडता शेवटी पाती जरा खोल जातात आणि टोकाशी बोट फिरवलं की खळगा लागतो. पुढचं आणि मागचं टेबल लांब असलं की तो रोग कमी होतो. काहींना दोन पाती, काहींना तीन. काही महागड्यांत अखंड पात्याऐवजी छोटे चौकोनी दात बसवलेले, एक धार बोथट झाली की दात फिरवून दुसरी वापरायची. आंबिवलीला एक गृहस्थ आपलं परदेशातून आणलेलं मशीन विकत होते, तिथेही जाऊन आलो. देखणं होतं, पण तिकडच्या विजेवर चालणारं, त्याच्या शेजारी भलामोठा ट्रान्सफॉर्मर पोसावा लागला असता. कल्याणच्या दुकानदाराला विचारलं, सुटी पाती मिळतील का? तो म्हणाला, "मागवून देऊ ना, आठ-दहा दिवसांत येतात." माझं डोकंच फिरलं. त्याला म्हटलं, "आठ-दहा दिवस म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?" त्याला कळण्याचं काही कारण नव्हतं. तो म्हणाला, "काका, शांत व्हा, मशीन बघायला आलाय तुम्ही." मी न बघताच बाहेर पडलो.

मुलगी तेव्हा आमच्याकडेच होती. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. ती डाव्या कुशीवर पडून असायची आणि मी संध्याकाळी तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो. माझ्या मशीनवरचे लोकांचे अभिप्राय तीच फोनवर वाचून दाखवायची.

"बाबा, हा माणूस म्हणतोय, कठीण लाकडाला मोटर दमते याची."

"मग नको ते."

"पण पुढे म्हणतोय, एका वेळी थोडं थोडंच तासलं तर नाही दमत. तुम्हाला घाई असते ना, म्हणून सांगतेय."

"मला कसली घाई?"

तिने बोटाने अभिप्राय पुढे सरकवला. मग फोनमध्येच बघत म्हणाली, "रुंदी बारा इंच पुरेल ना?"

"पुरेल," मी म्हटलं. कशाला पुरेल ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अशा किती संध्याकाळी आम्ही बापलेकीने त्या न बोललेल्या वस्तूची मापं घेतली असतील.

मला भीती वाटत होती. तिच्या खोलीतून "आई" अशी साधी हाक आली तरी आम्ही दोघं ताटावरून एकदम उठायचो, आणि तिला फक्त पाण्याची बाटली हवी असायची. मशीन ठरत नव्हतं त्याचं खरं कारण हेच होतं. एकदा ठरलं, की मग माझ्याकडे करण्यासारखं काही उरणार नव्हतं, नुसती भीती उरणार होती. मुलीच्या ते लक्षात आलं असावं. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते घ्यायचं तरी आहे का?" दुसऱ्या दिवशी जावयाला घेऊन मी ठाण्याच्या त्या पहिल्या दुकानात गेलो. तीन पात्यांचं, दोन्हीकडे लांब टेबल असलेलं मशीन घेतलं. सुटी पाती त्यांच्याकडे होती, त्यांचाही एक संच घेऊन ठेवला. विक्रेत्याने या वेळी काही विचारलं नाही.

शेडमध्ये बसवून पहिल्यांदा चालू केलं तेव्हा बायको ओले हात पुसत धावत आली. "कशाचं आहे ते लाकूड?"

"जुन्या कपाटाचं. मोडक्या."

तिने जाऊन चादर नीट आहे की नाही ते बघितलं आणि मगच आत गेली. मी कपाटाची ती फळी व्हर्नियरने मोजली. दोन्ही टोकांना आणि मध्ये, जाडी सारखी. मी परत परत मोजत बसलो. कितीतरी दिवसांनी एक गोष्ट मला हवी तशी झाली होती.

बाळ वेळेच्या बरंच आधी आलं. सकाळी पलंगावरच भाजी निवडता निवडता मुलीला कळा सुरू झाल्या. डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी तिला ठाण्याला पाठवलं, कारण इतक्या लहान बाळाला ठेवायची काचेची पेटी तिथे होती. मुलगी झाली. मी तिला काचेतून बघितलं. नाकात नळी, पायाला वायर, आणि मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस ठीक गेलाय. उद्याचं उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले, तिसऱ्याही.

नियमाप्रमाणे आता मला मोकळीक होती. मूल जन्माला आलेलं होतं. मी घरी आलो, शेडमध्ये गेलो, आणि चादरीला हात लावू शकलो नाही. एवढे दिवस नियमाच्या आड उभा होतो, आता आड काही नव्हतं. पाळणा तयार झाला आणि त्यात ठेवायला... हे वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नसे. मग मी मशीनशी खेळत बसायचो. टेबलाला मेण चोळ, स्क्रू आवळ, परत ढिले कर, पाती काढून पुसून पुन्हा बसव. माहितीपुस्तिका मी इतक्यांदा वाचली की तिची पानं सुटली. बिल्डिंगमधले लोक पेढे मागायचे तर बायको म्हणायची, "देणार ना, जरा थांबा." ती रोज डबा घेऊन ठाण्याला जायची, संध्याकाळी परत यायची, शेडमध्ये डोकावायची आणि कुकर लावायची.

बारावा दिवस आला आणि गेला. घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. ज्या घाईपायी मी दुकानदारांवर खेकसलो, ती घाईच आता उरली नव्हती. शेडमध्ये नवंकोरं मशीन होतं आणि मला ते भंगारात घालावंसं वाटत होतं.

त्यानंतरच्याच एका दुपारी मुलीचा फोन आला. तिला घरी सोडलं होतं, पण ती दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून असायची आणि दूध काढून आत द्यायची. मी तेव्हा शेडमध्येच होतो, मेणाचा डबा हातात.

"बाबा, पाळणा कुठपर्यंत आला?"

भाजी आणली का, असं विचारावं तसं तिने ते विचारलं. तो शब्द आमच्यात पहिल्यांदा बोलला गेला होता.

"बघतो," मी म्हटलं.

"काय बघताय?"

"डॉक्टर काय म्हणतात ते बघू, मग करू ना."

"ते रोज एकच म्हणतात." ती म्हणाली. "बाबा, इथे आम्ही सगळे त्या स्क्रीनकडे बघत बसलेलो असतो. ऑक्सिजनचा आकडा जरा खाली आला की मी उठून काचेपाशी जाते. ती घरी येणार, असं कोणी म्हणतच नाहीये. आईपण नाही. नुसतं जेव, झोप, रडू नको. तुम्ही सुरूच केलं नाहीये ना?"

"नाही."

"का?"

"भीती वाटते गं," मी म्हटलं. एवढ्या महिन्यांत हे मी कोणाला म्हटलं नव्हतं.

"मला नाही वाटत का?" ती म्हणाली. "आत्ता लावा मशीन. फोन तिथेच ठेवा. मला ऐकायचंय."

"अगं, कान फुटतील तुझे."

"फुटू देत."

मी वळलो तर बायको दारात उभी. ठाण्याला निघालेली, खांद्याला डब्याची पिशवी. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही अडवणार. तिने पिशवी खाली ठेवली, चादर ओढून काढली, वरची फळी दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिली आणि मशीनच्या पलीकडे जाऊन पदर खोचून उभी राहिली, फळी धरायला.

मी फोन स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन ओरडायला लागलं. फळी आत गेली, मध्ये जरा अडखळली, मग रोलरने ती धरली. पलीकडून बायकोच्या हातात आली तेव्हा तिच्यावरचा जुना काळपट रंग अर्धाअधिक गेला होता आणि खालून पिवळं सागवान दिसत होतं. बायकोने फळीवरचा भुसा हाताने पुसला.

मशीन बंद करून मी फोन उचलला. "ऐकलंस का?"

पलीकडून हॉस्पिटलमधला कसलातरी टिकटिक आवाज येत होता, आणि तिचं नाक ओढणं.

"ऐकलं," ती म्हणाली. "दुसरी लावा."