घरात सगळ्यांना चालेल अशी सायकल

घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त काढून आणायचं तिचं काम. म्हणून गल्लीतली पोरं तिला सुईताई म्हणायची. लहानपणी तिच्या वाट्याला थोरल्या भावाची सायकल आली, लग्नानंतर नवऱ्याची. दोघेही ताडमाड. हँडल गाठायला वाकून वाकून तिची मान आखडायची, मनगटांना मुंग्या यायच्या. अशा हातानं शीर कशी सापडणार? एका आजींना तीनदा टोचावं लागलं, त्या संध्याकाळी तिनं घरी सांगूनच टाकलं, "मला माझ्या मापाची सायकल हवी."

"घेऊ की!" नवरा लगेच म्हणाला. माणूस मनाचा वाईट नव्हता.

दुकानदारानं दोन सायकली पुढे काढल्या. "ताई, फ्रेमची उंची दोन्हींची सारखीच. पण हिचा वरचा दांडा चार बोटं आखूड आहे, आणि हँडलही उंचावर. बसून बघा."

ती बसली. हात आपसूक हँडलवर पडले, कोपरं सैल, पाठ ताठ. तिनं दुकानापुढे एक फेरी मारली, मग आणखी एक. वळताना मान फिरवून मागे बघता येतंय, याचंच तिला केवढं अप्रूप!

मग नवऱ्यानंही त्याच सायकलवर बसून पाहिलं. गुडघे हँडलला लागले. "छे, ही तर खेळण्यातली! कधी मला लागली तर? पोरगीही वाढतेय. त्या लांब दांड्याचीच घेऊ, घरात सगळ्यांना चालेल."

"पण रोज तर मीच..."

"अगं, सीट पुढे सरकवून देतील. हो ना हो?"

दुकानदार घुटमळला. "सीट बोटभर सरकेल, साहेब. दांडा कसा आखूड करणार?"

"सवय होते हो. इतकी वर्षं चालवलीच ना हिनं!"

तेच तर, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो तिच्यासाठी रजा टाकून आला होता, खुशीत होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं?

"चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी पोचेपर्यंतच तिचं डावं मनगट बधिर झालं. दारात उभ्या काकांनी चकाकती सायकल पाहिली.

"वा, नवी दिसतेय! कुणाची?"

कॅरियरवरचा सुया-नळ्यांचा डबा सोडवत ती म्हणाली, "घरची."