बटणवाल्यांची तासिका

बाजारात त्यांना सगळे बटणवालेच म्हणत. दवाखान्यातल्या केसपेपरवरसुद्धा तेच लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. उभा जन्म बटणं करण्यात गेला होता. शर्टाची, कोटाची, तान्ह्या मुलांच्या अंगड्यांची, शाळेच्या गणवेशांची. धाकट्या भावाबरोबर भाड्याच्या गाळ्यात काढलेला कारखाना हळूहळू शेजारचे गाळे गिळत मोठा झाला. यंत्रांचा खडखडाट असा की तिथे माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. बटणवाले घरी आले तरी पहिली काही वाक्यं ओरडूनच बोलायचे.

मग भाऊ गेला. त्याचा मुलगा शिकून आला, गावाबाहेर जागा घेतली, नवी यंत्रं आणली. "काका, तुम्ही आता आराम करा," असं त्याने इतक्या मायेने सांगितलं की बटणवाल्यांना धड रागावताही आलं नाही. सवयीने ते काही दिवस जात राहिले. नव्या यंत्रांना आवाज नव्हता. काचेच्या केबिनमध्ये त्यांना खुर्ची मिळे, चहा येई, आणि त्यांनी काही विचारलं की कामगार अदबीने ऐकून घेऊन पुतण्याच्या तोंडाकडे बघत. एके दिवशी ते गेले नाहीत. का आला नाहीत, असा कोणाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत.

त्याआधीच बायको लेकीकडे परदेशी गेली होती. लेकीचं बाळंतपण होतं. बाळ जरा बसायला लागलं की येते, म्हणाली होती. बाळ बसलं, रांगलं, चाललं. लेक पुन्हा नोकरीवर रुजू झाली, मग बाळाला कोण बघणार? आता ते बाळ बालवाडीत जात होतं. नवराबायकोचं भांडण म्हणावं तर तसं काही झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

दर रविवारी फोन व्हायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या. तिकडे काय नवीन?"

"नवीन काय असणार. चाललंय."

मग नातवाला ओढून फोनपाशी आणलं जाई. तो आपल्याच भाषेत काहीतरी बोलून पळून जाई, आणि दोघंही त्याच्यावर हसून फोन ठेवत.

बाकीचे दिवस तिसऱ्या मजल्यावरचं ते घर बटणवाल्यांना खायला उठायचं. जाग आली की पहिला आवाज फ्रिजचा. ते वर्तमानपत्र निविदांसकट वाचत. बँकेत यंत्रातून काम होत असतानाही मुद्दाम खिडकीसमोर रांग लावत. एकदा चुकून कोणाचा तरी फोन लागला. त्या माणसाला टायरचं दुकान हवं होतं. बटणवाल्यांनी त्याला चुकीचा नंबर आहे असं सांगितलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. कोणाकडचे टायर चांगले, कोण जुन्याला रंग लावून नवा म्हणून विकतो, गाडी कुठली, रस्ता कसला, सगळं झालं. शेवटी तो माणूस बिचारा म्हणाला, "काका, ठेवू का आता?"

अशाच एका सकाळी वर्तमानपत्रात त्यांना ती जाहिरात दिसली. वाणिज्य महाविद्यालयाला संध्याकाळच्या वर्गासाठी व्यवसाय व्यवस्थापन शिकवायला शिक्षक हवा होता, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, सुट्टी लागली की तुम्ही तुमच्या घरी. व्यवसायाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यास प्राधान्य. बटणवाल्यांनी तरुणपणी कारखाना सांभाळत एम. कॉम. केलं होतं. ती पदवी भिंतीवरच राहिली होती. त्यांनी ती खाली उतरवली, काच पुसली, आणि काचेसकट कॉलेजात घेऊन गेले.

मुलाखतीच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं. तिथे त्यांच्याशिवाय एकच उमेदवार, पस्तिशीची एक बाई, मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेली.

"काका, प्रवेशाची खिडकी खाली आहे," ती म्हणाली.

"मुलाखतीला आलोय मी."

ती हसली, मग त्यांच्या हातातली चौकट बघून बाकड्यावर बाजूला सरकली. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "मी तीन कॉलेजांत शिकवते. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. माझा सगळा संसार स्कूटरच्या डिकीत असतो. पुस्तकं, डबा, औषध, जास्तीची चप्पल."

"वा," बटणवाले म्हणाले. त्यांना खरोखर हेवा वाटला. दिवसभर माणसांत.

आत तिघं होते. प्राचार्य, ज्यांना दुपारनंतर डोळे उघडे ठेवणं जड जाई. संस्थेचे एक सदस्य, अंगठ्या फिरवत बसलेले. आणि विभागप्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं मॅडम म्हणे. परीक्षा चालू असल्याने मुलं नव्हती, म्हणून शेजारच्या रिकाम्या वर्गात शिकवून दाखवायला सांगितलं. तिघं मागच्या बाकावर जाऊन बसले. विषय दिला, वस्तूची किंमत कशी ठरवावी.

दुसरा कोणी रिकाम्या बाकांसमोर गडबडला असता. बटणवाल्यांना रिकाम्या खोलीत बोलायची चांगलीच सवय होती. खडू हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली ती थेट कारखान्याच्या आवाजात, इतक्या मोठ्याने की दारातून शिपाई डोकावून गेला. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या बटणवाल्याला खाली खेचायला आपण भाव कसे पाडले, गावातल्या सगळ्या शिंप्यांच्या ऑर्डरी आपल्याकडे कशा आल्या, दोघे भाऊ कसे फुगले, आणि जितकं काम जास्त तितका तोटा जास्त हे कळेपर्यंत नाकातोंडात पाणी कसं गेलं, हे त्यांनी सांगितलं. "तो समोरचा मात्र शांत बसून होता. त्याला किंमत लावता येत होती. आम्हाला नुसती लढाई येत होती." प्राचार्यांचे डोळे उघडले होते.

परत खोलीत आल्यावर अंगठीवाल्यांनी विचारलं, "तुमचं तर सगळं व्यवस्थित आहे. मग हे कशाला?"

"नव्या पिढीला अनुभवाचा फायदा व्हावा..."

"हे सगळेच सांगतात," मॅडम म्हणाल्या. त्या रागाने बोलल्या नव्हत्या, दमून बोलल्या होत्या. "खरं काय ते सांगा."

बटणवाल्यांनी मांडीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "मॅडम, घरी बोलायला कोणी नाही."

मग अंगठीवाले मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मग इथे भरपूर बोला की." मॅडम हसल्या नाहीत.

आठवडाभरात निवड झाल्याचा फोन आला. रुजू व्हायला गेल्यावर त्यांनी मॅडमना सहज विचारलं, "त्या हेल्मेटवाल्या बाईंचं काय झालं?"

"त्यांच्या काही अटी होत्या. संस्थेला परवडल्या नाहीत. तुमच्या काहीच नव्हत्या." मॅडम टेबलावरच्या कागदांकडे बघत बोलत होत्या.

कसल्या अटी, हे बटणवाल्यांनी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं. पण त्या सकाळी त्यांनी सहा शर्टांना इस्त्री करून ठेवली होती.

पहिल्या दिवशी मुली-मुलं कामावरून थेट आलेली, जांभया आवरत बसलेली. कोणी दुकानात विक्रीला, कोणी कुरियरवाला, कोणी दंतवैद्याकडे फोन घ्यायला. बटणवाल्यांनी तोंड उघडलं आणि पुढच्या बाकावरची मुलगी दचकली. "सर, जरा हळू बोला ना, आम्हाला ऐकू येतं." सगळे हसले, तेही हसले, आणि त्यांची गाडी रुळावर आली. उधारी, नाशवंत माल, फसवणारं गिऱ्हाईक, न फसवणारं पण डोकं खाणारं गिऱ्हाईक. मुलं प्रश्न विचारू लागली. तो तास बटणवाल्यांना आठवड्यात तीनदा मिळायचा आणि त्यावर ते उरलेला आठवडा काढायचे.

पण तास संपला की संपला. घंटा झाली की मुलं अशी पांगायची की फळा पुसून वळेपर्यंत वर्गात पंखा तेवढा उरायचा. शिक्षकांच्या खोलीत कायमवाल्यांच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या. तासिकावाल्यांनी खिडकीपाशी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी टेकायचं, असा न लिहिलेला नियम होता. बटणवाले तिथे टेकत. पगारवाढीवर, बदल्यांवर, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नावर बोलणी चालत, ती त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात. एकदा त्यांनी मध्येच तोंड घातलं. सगळ्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि मग बोलणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं. ही तऱ्हा त्यांना ओळखीची होती.

पहिल्या सत्राची परीक्षा झाली आणि पेपर तपासायला दुसऱ्या एका कॉलेजात सगळ्यांना बोलावलं. लांबलचक टेबलांवर माना खाली घालून बसलेल्या माणसांत त्यांना ते हेल्मेट दिसलं. चहाच्या सुट्टीत ते आपण होऊन तिच्याकडे गेले.

"कसा आहे वर्ग?" तिने विचारलं. "पुढच्या बाकावर दंतवैद्याकडे काम करणारी मुलगी बसते का अजून? हुशार आहे ती. पहिल्या वर्षाला मीच शिकवलंय त्यांना."

बटणवाल्यांच्या हातातला कप तसाच राहिला. "तुम्ही?"

"चार वर्षं. दर उन्हाळ्यात काढून टाकायचे, दर वर्षी पुन्हा मुलाखत. या वेळी म्हटलं, निदान वर्षभराच्या नेमणुकीचं पत्र द्या, म्हणजे घरभाड्याचा करार तरी करता येईल." ती थांबली. "तुमच्यावर राग नाही काका. तुम्ही नसता तर दुसरं कोणी असतं. पण हे काम आधी कोण करत होतं, एवढं तरी विचारायचं होतंत."

सुट्टी संपली आणि ती आपल्या गठ्ठ्याकडे गेली.

त्या रविवारी फोन आला तेव्हा बायकोने नेहमीप्रमाणे जेवलात का विचारलं आणि बटणवाल्यांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. कॉलेजात जातो हे तिला माहीत होतं, विरंगुळा म्हणून. आता बाकडं, हेल्मेटवाली, अंगठीवाले, आणि त्या मुलाखतीत आपण काय बोलून गेलो, तेही.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हे तुम्ही त्या तिघांना सांगितलंत," ती म्हणाली. "अनोळखी माणसांना. आणि मला?"

"तुला काय सांगायचं? तू तिकडे अडकलेली."

"अहो, मला वाटायचं तुम्ही सुटलात. कारखान्यातून आलात की पहिलं वाक्य काय असायचं तुमचं? कोणी बोलू नका, कान किटलेत. मी आणि लेक स्वयंपाकघरात खुणांनी बोलायचो. इथे आल्यावर मला दिवसभर कोणीतरी बोलायला मिळालं. पहिल्यांदा." तिचा आवाज चढला नव्हता. "मी टाकून नाही आले तुम्हाला. पण निघावं असंही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू."

बटणवाले फोन कानाला लावून उभे होते.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि त्या दिवशी नातवाला फोनपाशी आणलं गेलं नाही.

सोमवारी ते मॅडमसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "मी सोडतो. त्या बाईंना बोलवा." मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि फोन लावला. दोन मिनिटांत बोलणं संपलं.

"पेपर तपासून झाले आणि त्यांनी शिकवणं सोडलं. विम्याच्या कचेरीत लागल्यात. महिन्याच्या महिन्याला पगार आहे, म्हणाल्या." मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "मीही एकेकाळी तासिकेवरच होते. आता मीच माणसं अशी घेते. तुम्ही गेलात तर मुलांचं वर्ष वाऱ्यावर जाईल, हे मात्र खरं."

तेल गेलं, तूप गेलं. बटणवाले म्हणाले, "राहतो. पण वर्षभराचं पत्र द्या. मला त्याची गरज नाही, हे मला माहीत आहे. पण एकदा दिलंत की पुढच्याला नाही म्हणता येणार नाही."

"संस्थेकडे पाठवते. अंगठ्या फिरवतील."

"फिरवू देत."

पत्र अजून आलेलं नाही. विचार चालू आहे, असं दर महिन्याला कळतं. हेल्मेटवालीचा नंबर त्यांनी मॅडमकडून घेतला आणि एकदा फोन केला. तिने उचलला नाही. त्यांनी पुन्हा केला नाही.

एका बुधवारी, रविवार नसताना, बायकोचा फोन आला. "काय झालं? सगळे ठीक ना?"

"सगळे ठीक. आज काय शिकवणार आहात?"

ते गोंधळले. मग सांगायला लागले, सवलत कधी द्यावी, गिऱ्हाईक धरून ठेवायला भाव किती सोडावा. ती मध्येच म्हणाली, "हे तुम्ही चूक शिकवताय. सवलतीने आलेलं माणूस सवलतीनेच जातं. इथल्या दुकानांत मी रोज बघते." त्यावर त्यांनी वाद घातला, तिने सोडला नाही, आणि वादात त्यांचा आवाज चढला तसा तिने "ओरडू नका, मला ऐकू येतं" म्हणून टोकलं.

येणार कधी, हे त्यांनी विचारलं नाही. तिनेही काढलं नाही. फोन ठेवल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. बटणवाल्यांनी गॅस बंद करून खिडक्या लावल्या, खडूची डबी खिशात आहे ना हे चाचपलं, आणि तासाला वेळ असतानाही जिना उतरायला लागले.