त्यांनी पूल ओलांडला नाही

माझा नवरा माझ्या चेष्टेनं मेला.

कागदावर डॉक्टरांनी थंडी लिहिलंय. आज वर्ष झालं. मी पुन्हा इथेच आहे, कोलोनला, मुलाकडे. म्हणून खरं काय ते लिहिते.

हे मध्य प्रदेशात जंगल खात्यात नाकेदार होते, म्हणजे फॉरेस्ट गार्ड.
सारी नोकरी सातपुड्यात. मोह कधी गळायला लागतो, कोणत्या नाल्याला मे महिन्यातही पाणी असतं, सगळं तोंडपाठ.
बायकोचा वाढदिवस सोडून.

पडल्या पडल्या नद्या म्हणायचे. शेर, शक्कर, दुधी, तवा, गंजाल. सगळ्या सातपुड्यातून उतरतात आणि नर्मदेला मिळतात.

मी म्हणायची, "मैया मैया करता, मला कधी एवढ्या प्रेमानं हाक मारली का?"
"तिला वर्षातून एकदा पूर येतो. तुला रोज."

एकच इच्छा होती. रिटायर झालं की नर्मदेची परकम्मा करायची. पायी.
तिचे नेम कडक असतात. अनवाणी चालायचं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. दारोदार भिक्षा मागून खायचं. आणि काही झालं तरी नदी ओलांडायची नाही.

परकम्मेला दिवाळीनंतर निघतात.
आणि दर वर्षी दिवाळीनंतर आमचं जर्मनीचं तिकीट यायचं.

फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या वर्षी नात झाली, तेव्हा आलो. पुढच्या वर्षी सूनबाईची नोकरी सुरू झाली, तेव्हा आलो. तीन महिन्यांचा व्हिसा, तीन महिने नात सांभाळायची.
हे नाही म्हणाले नाहीत. मीही नाही. नात कोणाला नको असते?

मुलगा त्यांना इथल्या जंगलात फिरायला घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, "कसं आहे?"
"झाडं आहेत. पण वाट चुकायची सोय नाही. जिथे तिथे पाट्या."

मग ते कमी बोलायला लागले. जानेवारीत तर दिवस दिवस खिडकीशी. खाली ऱ्हाईन दिसते.
"गुडघा दुखून राहिला," म्हणाले. "पुढच्या वर्षी नाही जमायचं. माझं राहिलंच."

मी मेथी निवडत होते. मला जड बोलणं सहन होत नाही, लहानपणापासून खोड आहे.
म्हटलं, "अहो, पाणी ते पाणीच. ऱ्हाईनमैयाची करा परकम्मा. उजव्या हाताला ठेवा आणि लागा चालायला. समुद्र आला की फोन करा, डबा घेऊन येते."

वाटलं, हसतील.
ते म्हणाले, "चालेल का गं तसं?"

तेव्हा मी एक जर्मन शब्द शिकले होते. सगळ्याला तोच लावायची.
म्हटलं, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घरात नव्हते.

बूट दाराशी होते. म्हणून आम्ही आधी बिल्डिंगमध्येच शोधलं. जिने, केलर म्हणजे तळघर, कचऱ्याच्या डब्यांची खोली. तासभर गेला.
मग मी कपाट उघडलं. पांढरं धोतर नव्हतं. तांब्या नव्हता.
मला कळलं. सकाळचे दहा वाजले होते.

पोलीस आले. मुलगा त्यांना सांगत होता, "बाबा पूल ओलांडून पलीकडच्या तुर्की दुकानात जातात. कोथिंबीर आणायला. तिकडेच असतील."
मी म्हटलं, "ते पूल ओलांडणार नाहीत."
"आई, दर शनिवारी माझ्यासोबत जातात. तुला काय माहीत?"

आता मला काय माहीत, हे सांगायचं तर कालचं सगळं सांगावं लागलं असतं.
मी गप्प बसले.
आयुष्यभर तोंड बंद ठेवलं नाही. त्या एका दिवशी ठेवलं.

दिवसभर सगळे पलीकडचा काठ शोधत होते.
अंधार पडल्यावर मी स्वयंपाकघरात सूनबाईला सांगितलं. तिनं तिथूनच पोलिसांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. आमच्याच काठावर, बरंच खाली, एका गावाजवळ. झाडाला टेकून बसलेले, तांब्या मांडीवर. पाय सोललेले.

त्या गावातल्या एका बाईनं सांगितलं, दुपारी तीन वाजता हे तिच्या दारात ओंजळ पसरून उभे होते. तिनं ब्रेड दिला, गरम चहा दिला. आत बोलावलं. हे आत गेले नाहीत. काहीतरी बोलून हात जोडले आणि निघाले.
काय बोलले ते तिला कळलं नाही. मला कळलं. नर्मदे हर.

तीन वाजता जिवंत होते.

आता हे मुलासाठी. घरात विषय काढला की उठून जातोस, पण मी इथे ग्रुपवर लिहिलेलं वाचतोस. मला माहीत आहे.

बाळा, वर्ष झालं, तू त्या पुलावरून जात नाहीस. ऑफिसला लांबून जातोस. पोलिसांना चुकीच्या काठावर आपण पाठवलं, असं तुला वाटतं.
तू पाठवलंस, पण बरोबर काठ मला माहीत होता. तासन् तास माहीत होता, आणि मी लाजेनं बोलले नाही.
सूनबाईवर चिडू नकोस. तुला सांगायचं नाही, अशी तिला मी शपथ घातली होती.

आज भाकरी आणि झुणका केलाय. तू आलास की वाढते. जेवायचं की ताट सरकवायचं, ते तू ठरव. मी समोरच बसून राहीन.

आणि अहो, तुम्हाला नमस्कार.
माफी मागत नाही. तुम्ही लगेच देऊन टाकाल.