चालण्याच्या शर्यतीला गाव आलं

माइकवरून मुलींच्या तीन किलोमीटर चालण्याचा पहिला पुकारा झाला आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावची पिकअप जळगावच्या ग्राउंडच्या गेटातून आत शिरली. मी तोंडात सेफ्टी पिना धरून योगिताच्या छातीवर नंबर लावत होतो. योगिता आमच्या दहावीची. पिकअपच्या हौद्यातून माणसं उतरत होती. टोप्या, उपरणी, पदर सावरणाऱ्या बाया, पाण्याचा जार, भाकरींचं गाठोडं. सगळ्यात पुढे योगिताचे आजोबा, नाना.

"सर, नाना पण आले," ती म्हणाली.

"येऊ दे. तू समोर बघ."

मी तेव्हाच जाऊन त्या मंडळींशी दोन शब्द बोलायला हवं होतं, पण माझ्यात त्राण नव्हतं. पहाटेपासून मी ग्राउंडवर होतो. सगळी नोंदणी ऑनलाइन झालेली असूनही टेबलावरच्या साहेबांनी पुन्हा कागद मागितले होते. झेरॉक्सचं दुकान शोधता शोधता माझी सकाळ गेली होती.

आमच्या शाळेबद्दल आधी सांगतो. पाचोरा तालुक्यात, हायवेच्या फाट्यापासून आत, जिल्हा परिषदेची आठवी ते दहावी अशी छोटी शाळा. मी क्रीडाशिक्षक. शिवाय भूगोल माझ्याकडे, हिंदी माझ्याकडे, पोषण आहाराचे तांदूळ माझ्याकडे, निवडणूक आली की तीही माझ्याकडे. खेळाचा तास वेळापत्रकात आहे, पण दहावीच्या वर्गाला तो गणितवाले घेतात. ग्राउंड म्हणाल तर काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पाय अडकतील एवढ्या भेगा, आणि मधल्या दिवसांत त्यावर गावाचा मका वाळत पडलेला. मका आवरा म्हटलं की लोक म्हणतात, "सर, पोरं रस्त्यावर पयतीन, मका रस्त्यावर कसा टाकू?" म्हणजे पोरांनी रस्त्यावर पळावं. ते मका रस्त्यावरही टाकतात.

अशा शाळेने मैदानी स्पर्धांत उतरायचं तर थोडी अक्कल लढवावी लागते. शंभर मीटरला प्रत्येक शाळेचं पोर असतं, त्यातली निम्मी स्पाइक्स घालून येतात. आमच्या पोरांना स्पाइक्स म्हणजे काय ते तालुक्याला गेल्यावर कळतं. म्हणून मी अनेक वर्षं एकच धोरण ठेवलं. जिथे गर्दी नाही तिथे आपली पोरं उतरवायची. हातोडाफेक, तिहेरी उडी, आणि चालणं.

चालण्याची शर्यत सोपी वाटते. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे, आणि पुढचा पाय टेकला की गुडघा सरळ पाहिजे. ट्रॅकच्या कडेला पंच उभे असतात. शंका आली की पिवळी फळी दाखवतात, ती ताकीद. तीन पंचांनी लाल दिलं की बाद. आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये कुणी उघड उघड धावलं, तर मुख्य पंच एकटा बाद करू शकतो. या नियमांत राहून जोरात चालायचं म्हणजे कंबर हलवावी लागते. ते दिसायला विचित्र दिसतं.

तिथेच आमचं घोडं अडलं होतं. योगिताला मी पहिल्यांदा शाळेसमोर चालवलं तेव्हा पारावरची मंडळी पोट धरून हसली. एक जण म्हणाला, "सर, पोरले नाचाले शिकाडी ऱ्हायनात का?" दुसऱ्या दिवशी योगिता सरावाला आलीच नाही. मग मी सराव नाल्याच्या पुलापलीकडे नेला. पुलापासून फाट्यापर्यंतचा रस्ता, सकाळी, गाव दूध काढण्यात गुंतलेलं असताना. त्या वेळी तिकडे कुणी फिरकत नाही. ती चालायची, मी मोटरसायकलवरून मागे मागे. पोरगी मुळात चालण्यातच वाढलेली. तालुक्याला ती पहिली आली, आणि दुसरी मुलगी कुठे आहे ते बघायला मान वळवावी लागली. तिथे बघायला गावातलं कुणी नव्हतं. गावाला एवढंच कळलं की नानांची नात शर्यतीत पहिली आली.

आता नानांचं. योगिताचे आईबाप सुरतला, पॉवरलूममध्ये. दोन लहान भावंडंही तिकडेच. ही एकटी नानांजवळ राहिली, शाळेसाठी. दहावीनंतर तिने सुरतला जायचं, घरचा स्वयंपाक सांभाळायचा, असं ठरलेलं होतं. मी धुळ्याच्या एका मॅडमशी बोललो. त्या मुलींच्या क्रीडा वसतिगृहाचं काम बघतात. त्या म्हणाल्या, "विभागीय स्पर्धा धुळ्यातच आहे सर. तिथपर्यंत आणा तिला, मग मी बघते." विभागापर्यंत जायचं तर जिल्ह्याला नंबर लागला पाहिजे. मी नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. नाना कमी बोलतात. आवाज चढवलेला तर गावात कुणी ऐकला नसेल.

"नाना, पोरगी अकरावीला धुळ्याला राहील. शिक्षण, जेवण, सराव, सगळं तिथेच."

नानांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. मग म्हणाले, "जिल्ह्याले पहिली उनी तर धाडसू. नही ते दहावी व्हयनी का सुरत."

नानांचा शब्द म्हणजे शब्द. योगिता दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पुलावर ती माझ्या आधी येऊन उभी होती.

सगळं नीट चाललं होतं. मग वरून आदेश आला की शालेय क्रीडा स्पर्धांत लोकसहभाग दिसला पाहिजे, फोटो पाठवा. आमच्या मुख्याध्यापिका चौधरी मॅडम हौशी बाई.

"देवरे सर, आपण गावच घेऊन जाऊ ग्राउंडवर."

"मॅडम, जिल्ह्याला काय गाव नेतात का?"

"का नाही? पोरीला हुरूप येईल. सरपंच पिकअप देतायत."

मला वाद घालायचा कंटाळा आला. नोकरी सरत आली की वादापेक्षा होकार स्वस्त पडतो. मी हो म्हटलं.

तर शर्यत सुरू झाली. प्रशिक्षकाला ट्रॅकच्या आत येऊ देत नाहीत, म्हणून मी सुरुवातीच्या रेषेपलीकडे, दोरीबाहेर उभा. गाव समोरच्या बाजूला, शर्यत संपते त्या रेषेजवळच्या पायऱ्यांवर. दोन्हीच्या मधे अख्खं मैदान. योगिता पहिल्या फेरीतच पुढे निघाली. गुडघे सरळ, खांदे सैल, पुलापलीकडे शिकवलं होतं तसं. मधल्या एका पंचाने तिच्याकडे वाकून बघितलं आणि फळी खालीच ठेवली. मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत असं बरं वाटण्याचे प्रसंग मोजकेच.

पायऱ्यांवर मात्र वेगळंच चाललं होतं. ते मला नंतर मॅडमने सांगितलं. गाव आलं होतं शर्यत बघायला. शर्यत म्हणजे पळायचं. आणि आपली पोर बघतात तर कंबर हलवत चालतेय. आधी त्यांना वाटलं, अजून सुरू झाली नसेल. मग वाटलं, पोरीचा पाय मुरगळला. बाकीच्या मुलीही चालतायत याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येक जण आपल्याच पोरीकडे बघत होता. नाना मॅडमला म्हणाले, "बाई, ही चाली काबरं ऱ्हायनी? पयत नही का?" मॅडमचा विषय विज्ञान. त्या म्हणाल्या, "बहुतेक शेवटी पळतात."

मी मुद्दाम सांगतो, मॅडमवर माझा राग नाही. आता नाही.

शेवटची फेरी लागली. जळगावच्या एका शाळेची उंच मुलगी मागून जरा जवळ आली होती, पण योगिताला धोका नव्हता. ती वळण घेऊन गावासमोरच्या सरळ पट्ट्यात शिरली, आणि पायऱ्यांवर गाव उभं राहिलं. आधी बाया सुरू झाल्या. "पय वं योगी, पय!" मग गडी. मी दोरीखालून वाकून निघालो, हात हलवत, "अहो ओरडू नका!" म्हणत. माझे गुडघे दहा वर्षांपूर्वीच गेलेत. अर्ध्या मैदानात पोचलो असेन, तेव्हा त्या सगळ्या कालव्यातून एक आवाज वर आला. नानांचा. टोपी हातात धरून ते पायरीवर उभे होते.

"योगी! पय!"

आणि योगिता धावली.

दहा-बारा पावलंच धावली असेल. सुंदर धावली. फीत छातीवर घेतली आणि गावाने एकच जल्लोष केला. कुणीतरी पिपाणी आणली होती, ती वाजली. मुख्य पंच शांतपणे चालत आले आणि त्यांनी योगितासमोर लाल फळी धरली. गावाला वाटलं हा पहिल्या नंबरचा मान. त्यांनी लाल फळीला टाळ्या वाजवल्या. मॅडमने फोटो काढला.

मी पंचांकडे गेलो. ते जुने ओळखीचे.

"साहेब, अपील करता येईल का?"

"देवरे, कशावर अपील करता? अख्ख्या ग्राउंडने बघितलं."

"ओरडल्यामुळे झालं हो."

"मला दिसतंय ते. वाईट वाटतंय. पण पाय तिचेच होते ना?"

योगिता ट्रॅकच्या कडेला गवतावर बसली होती. तिला सगळं कळलं होतं. नियम तिला माझ्याइतके पाठ. मी विचारलं, "का गं धावलीस?"

"माहीत नाही सर." मग म्हणाली, "नाना कधीच ओरडत नाहीत सर. मला वाटलं काहीतरी झालं."

मी तिच्या शेजारी बसून राहिलो. मला त्या क्षणी नोकरी, ग्राउंड, गाव, सगळ्याचाच वीट आला होता.

गाव हसत खिदळत आमच्याकडे आलं. नाना पुढे. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सर, पहिली उनी ना?" मला सांगावं लागलं. नियम सांगितला, लाल फळीचा अर्थ सांगितला. पिपाणीवाल्याने पिपाणी खिशात घातली. सगळं ऐकून झाल्यावर नाना म्हणाले, "तुम्हीन पोरले शिकाडं. आमले कोनी सांगं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. भाकरींचं गाठोडं कुणी सोडलं नाही. पिकअप आली तशी परत गेली.

धुळ्याच्या मॅडमना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, विभागाच्या यादीत नाव नसेल तर मी काय करू, सांगा?" त्यांचं बरोबर होतं. योगिता दहावीच्या अभ्यासाला लागली. पुलाकडे मीही जायचं सोडलं. चौधरी मॅडमने पाठवलेला फोटो मात्र वर पसंत पडला. लोकसहभाग उत्तम, असा शेरा आला.

दहावीचा निकाल लागल्यावर नाना शाळेत आले. धुतलेलं धोतर, हातात छत्री. "योगीना दाखला द्या."

मी कपाट उघडता उघडता विचारलं, "सुरतला कधी निघते?"

"सुरत काय पयी ऱ्हायनी का?" नाना म्हणाले. "पाचोऱ्याले टाकस तिले. अकरावीले. अपडाऊन करी."

माझा हात कपाटातच राहिला. "पण नाना, तुम्ही शब्द दिला होता. पहिली आली तरच म्हणून."

"पहिलीच उनी ती. मना आवाज आडवा उना." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पोरगाले सुरतले फोन करी दिना. तो रागे भरना. भरू द्या."

माझे डोळे भरून आले. तसे ते हल्ली कशानेही येतात, पण तेव्हा खरंच आले.

आमच्या गावात एस.टी. येत नाही. पाचोऱ्याला जायचं तर फाट्यापर्यंत चालत जावं लागतं, म्हणजे तोच आमचा सरावाचा रस्ता. मागच्या आठवड्यात सकाळी मी मोटरसायकलवरून फाट्याकडे निघालो होतो. पुढे योगिता, पाठीला दप्तर, आणि बरीच मागे नाना, धोतराचा सोगा हातात धरून. ते तिला रोज सोडायला जातात. फाट्यावर बस येऊन लागली होती. कंडक्टर दाराशी उभा. टपरीवरची माणसं ओरडायला लागली, "पय वं पोरी, गाडी चालनी!"

योगिताने धावायला पाऊल उचललं असेल नसेल, तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. आयुष्यात दुसऱ्यांदा चढलेला.

"पयू नको, योगी! चाल!"

ती चालली. गुडघे सरळ, खांदे सैल, कंबर हलवत, सगळ्या फाट्यादेखत. टपरीवरचं कुणी हसलं, तसं नानांनी लांबूनच त्याच्याकडे रोखून बघितलं आणि तो गप्प झाला. कंडक्टरने घंटी दिली. बस गेली.

मी मोटरसायकल थांबवली. "नाना, बस चुकली ना! इथे कोण पंच होता? इथे पळाली असती तरी चाललं असतं."

नाना धापा टाकत होते. "कॉलेजनी शर्यत शे ना यंदा? सवय मोडाले नको," ते म्हणाले. "गाडी दुसरी येई."

योगिता रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसत होती. जिल्ह्याच्या त्या दिवसानंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

एवढ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो, तीही निवृत्तीच्या तोंडावर. पोराला खेळ शिकवायचा असेल तर आधी त्याच्या घरच्यांना शिकवावा, आणि लपवून तर कधीच शिकवू नये. आता सराव पुलापलीकडे होत नाही. पारासमोरूनच होतो, आणि कुणाचा गुडघा वाकला की पारावरूनच ओरड येते.